चिमणीच्या बुडाशी का गळतं?

मंडळी, विषय माझाच आहे. आयोजकांनी 'पर्यावरण' सुचवलं होतं, मी म्हटलं पत्र्यातून घरात येतं तेही पर्यावरणच की. आणि नाशिक म्हणजे मिसळीचं गाव, ज्याच्याकडे भट्टी नाही त्याच्या शेजाऱ्याकडे असते, त्यामुळे चिमणी हा आपला घरगुतीच मामला.

आमच्या आतेभावाची पंचवटीत फरसाणाची भट्टी. उतरता पत्रा, त्यातून वर गेलेला लोखंडी पाइप. पाऊस लागला की कढईशेजारी टपटप सुरू, आणि तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला तर काय होतं ते इथल्या वहिनींना मी काय सांगणार. तर दर जूनला एक मिस्त्री यायचा, वर चढायचा, पाइपाभोवती सिमेंट थापायचा, पैसे घ्यायचा आणि म्हणायचा, "आता बघाच शेठ." शेठ बघायचे! दिवाळीच्या आत सिमेंट पत्र्यापासून सुटलेलं. सुटणारच ना, भट्टी पेटली की पाइप तापून वाढतो, विझली की आखडतो, पत्रा उन्हात तेच करतो, सिमेंटला मात्र हलणं माहीत नाही, ते तडकतं. पुढच्या वर्षी मिस्त्री परत हजर, जुन्या थरावर नवा थर. शेवटी तिथे एवढा ढीग झाला की पाख्यावरून येणारं पाणी त्याला अडून पाइपामागेच तुंबायला लागलं. गंगापूर धरण सरकारने बांधलं, हे आमच्या भावाने स्वखर्चाने बांधलं. मी बोललो तर म्हणे, "दादा, तो वर्षानुवर्षांचा माणूस आहे." अहो, म्हणूनच तर गळतंय!

घड्याळ दाखवतायत. बरं, पटापट सांगतो, खरं म्हणजे हेच सांगायला आलो होतो.

थेंब जिथे पडतो तिथे भोक असेलच असं नाही. पाणी पत्र्याच्या पोटाला चिकटून अँगलपर्यंत सरकतं आणि मग टपकतं, म्हणून शोध उताराच्या वरच्या अंगाला घ्या. बागेचा पाइप लावा, आधी चिमणीच्या खालच्या बाजूला, मग कडांना, शेवटी वर, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं, आणि आत टॉर्च घेऊन एक माणूस उभा. वरून सुरुवात केलीत तर सगळंच ओलं होतं, कळत काहीच नाही. पाऊस नसताना काळपट पाणी येत असेल तर छपराला दोष देऊ नका, धुरातली वाफ थंड पाइपात पाणी होऊन उतरतेय. पावसात पाइपाच्या आतून येत असेल तर टोपी उडालीय का बघा.

दुरुस्तीत आधी सगळं सिमेंट खरवडून काढा. मग पत्र्याचं फ्लॅशिंग, म्हणजे चिमणी आणि छपराचा सांधा झाकणारी पट्टी, त्याची वरची कड वरच्या पत्र्याच्या खाली आणि खालची कड खालच्या पत्र्यावर, कौलांनाही हाच नियम. उलटं बसवलं तर सीलंटच्या कितीही नळ्या रिकाम्या करा. पाइपाला वरून कॉलर, म्हणजे सांध्यावर छत्रीसारखी बसणारी कडी, तिच्या काठाला उष्णता सोसणारं सिलिकॉन. डांबरी पट्टी गरम पाइपाला नको, ओघळते. विटांची चिमणी असेल तर फ्लॅशिंगची वरची कड विटांच्या सांध्यात खाच पाडून आत घाला, नुसती वरून चिकटवू नका. चिमणी रुंद असेल तर मागे दोन्हीकडे उतार देणारं छोटं छप्पर करा, अमेरिकेच्या घरबांधणी कोडमध्ये 30 इंचांपेक्षा रुंद चिमणीला ते सक्तीचं आहे.

आणि ओल्या पत्र्यावर कुणी चढू नका. स्लॅबवाल्यांनी मला चहाच्या टेबलाशी गाठा, तुमचं दुखणं वेगळं आहे.