डिझेलचा पंप कुठे आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

एखादी कचेरी दोन दिवस बंद राहिली तर फायली तुंबतात, फार तर लोक वैतागतात. वैद्यकीय महाविद्यालयाचं तसं नाही. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण काही मिनिटंच वाट पाहू शकतो. उणे 80 अंशांवर ठेवलेले संशोधनाचे नमुने वीज गेल्यावर काही तास टिकतात. विद्यार्थी काही आठवडे तग धरतात, पण एमबीबीएसला थिअरीची 75 आणि प्रॅक्टिकलची 80 टक्के हजेरी लागते, त्यामुळे त्यांचीही मुदत संपतेच. संकटातही कामकाज चालू ठेवण्याचं नियोजन, म्हणजे व्यवस्थापनाच्या भाषेत बिझनेस कंटिन्युइटी, सुरू होतं ते या मुदती कागदावर मांडण्यापासून. जाडजूड फाइल नंतर झाली तरी चालेल.

जून 2001 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला अ‍ॅलिसन वादळाचा पाऊस कोसळला आणि टेक्सास मेडिकल सेंटरच्या तळघरांत पाणी शिरलं. प्रयोगाचे प्राणी तळघरातच होते. एकट्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनचे 30,000 हून अधिक उंदीर मेले. शेजारच्या मेमोरियल हर्मन रुग्णालयातून 500 हून अधिक रुग्ण हलवावे लागले. धडा स्वच्छ होता: मोलाचं काही तळघरात ठेवू नका.

तरीही 11 वर्षांनी, 29 ऑक्टोबर 2012 च्या रात्री, सँडी वादळात न्यूयॉर्कमध्ये तेच घडलं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जनरेटर होते, काही तर उंचावर बसवलेले. मग अडलं कुठे? इंधनाचा मोठा साठा वरच्या मजल्यावर ठेवणं आगीच्या दृष्टीने धोक्याचं, म्हणून टाकी खाली. टाकी खाली, म्हणून इंधन वर चढवणारे पंपही खाली. यातला प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर बरोबरच होता! पाणी आलं आणि वरच्या जनरेटरांचा इंधनपुरवठाच तुटला. 300 हून अधिक रुग्ण अंधारात जिन्यांवरून उतरवले गेले. त्यांत अतिदक्षता विभागातली 20 नवजात बाळं होती. परिचारिका हाताने फुगा दाबून श्वास देत उतरत होत्या. मदतीला वैद्यकीय विद्यार्थीही होते. तळघरातले हजारो उंदीर मात्र वाचले नाहीत, आणि त्यांच्यासोबत कित्येकांची वर्षांची मेहनत गेली. जवळच्या बेलव्ह्यू रुग्णालयात जनरेटर 13 व्या मजल्यावर होता. तिथे माणसांची साखळी करून इंधन हातोहात वर नेलं.

मला वाटतं, आपल्याकडच्या आपत्ती आराखड्यांचं दुखणं इथेच आहे. विद्युत विभाग, ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, जो तो आपला कागद नीट भरतो. दोन विभागांमधला सांधा कुणाच्याच कागदात नसतो.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक चांगली गोष्ट सांगतो. 2005 च्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचं टुलेन वैद्यकीय महाविद्यालय चालवणं अशक्य झालं, तेव्हा त्याचे विद्यार्थी आणि शिक्षक ह्यूस्टनला गेले. त्यांना जागा देण्यात पुढाकार होता बेलरचा, चार वर्षांपूर्वी स्वतः बुडालेल्या संस्थेचा. आपल्या महाविद्यालयांनी शेजारच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयाशी असा करार शांत काळात करून ठेवायला काय हरकत आहे? त्याला खर्च जवळजवळ नाहीच.

आणि संकट पाण्याचंच असेल असं नाही. 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. सर्व्हर ठप्प झाले. नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, बिलं, सगळं कित्येक दिवस हाताने करावं लागलं. रुग्णसेवा चालू राहिली ती कागदावर.

म्हणून डीनसाहेबांना आणि विभागप्रमुखांना माझी सूचना साधी आहे. वर्षातून एकदा, आधी सांगून, रुग्णांची पूर्ण पर्यायी सोय ठेवून, ओपीडीचा संगणक दोन तास बंद करा. छापील केस पेपर कपाटात आहेत का, त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, आणि रक्ताचा अहवाल लॅबमधून वॉर्डात कोण पोचवतो, हे त्या दोन तासांत कळेल. जे अडेल ते त्याच संध्याकाळी लिहून काढा, प्रत्येक अडचणीसमोर एका माणसाचं नाव टाका, आणि कामाला लागा.

नमस्कार.