बाप्तिस्म्यानंतरचं पहिलं वर्ष

श्रोतेहो, जय ख्रिस्त.

बाप्तिस्म्याच्या दिवशी मंडळीत केवढा आनंद असतो! पाहुणे येतात, फोटो निघतात, गळाभेटी होतात. आणि काही महिन्यांनी तोच तरुण मागच्या बाकावर दिसू लागतो, मग महिन्यातून एकदा, मग फक्त नाताळला. ठाण्यात आणि नवी मुंबईत हे फार लवकर घडतं. कुणाची ऐरोलीच्या कंपनीत रात्रपाळी, कुणाला वाशीच्या बाजारात पहाटे गाडी उतरवायची, कुणाचा अर्धा दिवस घोडबंदर रोडवर जातो. यांतल्या बहुतेकांची श्रद्धा शाबूत असते. मंडळीत हक्काने विचारपूस करणारं कुणी नसतं, एवढंच.

येशूने हजारोंना शिकवलं, पण बारा जणांना निवडलं ते आधी आपल्या सोबत राहण्यासाठी आणि मग उपदेशाला पाठवण्यासाठी. मार्काच्या शुभवर्तमानात (३:१४) हाच क्रम आहे. आपल्या मंडळ्यांत नेमकी सोबतच राहून जाते. म्हणून आग्रहाने सांगायचं ते हे, की बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाला पहिलं एक वर्ष एका अनुभवी विश्वासणाऱ्याच्या सोबतीत द्या. एक अनुभवी आणि दोन नवे, असा तिघांचा गट सर्वांत टिकतो. एकाची पाळी बदलली तरी भेट मोडत नाही. बायका बायकांबरोबर, पुरुष पुरुषांबरोबर.

सोबती निवडताना पाळकांनी घाई करू नये. गोड गळ्याचा किंवा कमिटीवरचा माणूस हाताशी असतो, म्हणून त्यालाच हे काम सोपवलं जातं. त्यापेक्षा तो घरच्यांशी कसा बोलतो, उसने घेतलेले पैसे वेळेवर परत करतो का, चूक झाली तर क्षमा मागतो का, हे पाहावं.

भेट आठवड्यातून एकदा, एक तास. वन-रूम किचनमध्ये मोकळं बोलता येत नाही, हे खरं आहे. मग रविवारी उपासनेच्या तासभर आधी चर्चच्या व्हरांड्यात बसा, नाहीतर संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर. पहिली दहा मिनिटं मागच्या आठवड्याच्या निश्चयाचं काय झालं यावर. मग अर्धा तास वचन, मोठ्याने, आळीपाळीने वाचत. उरलेल्या वेळात नवा निश्चय आणि प्रार्थना.

वाचायचं काय? उत्पत्तीपासून जोमाने सुरुवात करणारे पुष्कळ जण लेवीयपर्यंत येऊन अडकतात. मार्कापासून सुरुवात करा. सोळा अध्याय आहेत. एक घरी, एक भेटीत, असे आठवड्याला दोन घेतले तर दोन महिन्यांत होतात. आठव्या अध्यायात मात्र एक पूर्ण भेट थांबा. तिथे पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस; लगेच येशू स्वतःच्या मरणाविषयी बोलतो, पेत्र त्याला अडवतो, आणि मग वधस्तंभ उचलून मागे येण्याचं बोलावणं येतं. नव्या माणसाला इथे प्रश्न पडतातच. ते पडू द्या, उत्तराची घाई नको. त्यानंतर याकोबाचं पत्र, पाच अध्याय, पाच आठवडे. पुढे संपूर्ण नव्या कराराकडे वळता येतं. त्याचे २६० अध्याय आहेत, आठवड्याला पाच धरले तर बरोबर ५२ आठवडे लागतात, आणि दोन दिवस चुकले तर भरून काढायला जागा उरते.

इंग्रजी माध्यमातल्या मुलामुलींना जुनं छापील मराठी जड जातं. त्यांना हसू नका. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं वेचली, ती सामान्य बायामाणसांना वाचता यावं म्हणून. तीच तळमळ आपल्याला हवी. उतारा मराठीत मोठ्याने वाचा आणि मुलाला त्याच्या भाषेत सांगू द्या. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा एखादा अभंग चालीवर शिकवा. चालीवर बसलेले शब्द लोकलच्या गर्दीतही आठवतात.

निश्चयाकडे विशेष लक्ष द्या. ‘मी जास्त प्रार्थना करीन’ हा निश्चय नव्हे, कारण तो पाळला की नाही हे पुढच्या आठवड्यात सांगताच येत नाही. ‘गुरुवारी रात्री मोठ्या भावाला फोन करून अबोला मोडीन’, ‘प्रवासखर्चाच्या बिलात दोनशे रुपये वाढवून लावणार नाही’, याला निश्चय म्हणतात. नाही जमलं तर रागावू नका. कुठे अडलं ते विचारा आणि पाऊल आणखी लहान करा.

दुसऱ्या महिन्याच्या सुमारास गट ढेपाळतात. बहुतेकदा सोबती प्रवचन द्यायला लागलेला असतो. तासात त्याचं बोलणं वीस मिनिटांवर गेलं, तर समोरचे गप्प होतात आणि मग गैरहजर राहू लागतात. दुसरा धोका आपल्याकडे जास्त आहे: नवा माणूस नोकरी, लग्न, घर, सगळं सोबत्याला विचारूनच ठरवू लागतो आणि सोबत्यालाही ते आवडू लागतं. मत्तय २३:८ मध्ये येशूने ‘गुरुजी’ म्हणवून घेऊ नका असं बजावलं आहे, कारण गुरू एकच आणि आपण सगळे भाऊ. तेव्हा सल्ला द्या, निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या.

सगळ्यात खोल जखम होते ती गुपित फुटल्याने. ‘तिच्यासाठी प्रार्थना करा हं, घरी जरा ताण आहे,’ असं महिला मंडळात कुणीतरी म्हणतं आणि तिसऱ्या दिवशी अख्ख्या कॉलनीला कळतं. ती बहीण पुन्हा तोंड उघडत नाही. परवानगीशिवाय प्रार्थनेची विनंतीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हे पहिल्याच भेटीत ठरवा. त्याच भेटीत अपवादही स्पष्ट सांगा. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर ते झाकायचं नाही. पाळक, डॉक्टर, गरज पडली तर पोलीस, यांच्यापर्यंत ते पोचलंच पाहिजे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. अल्पवयीन मुलांबरोबरच्या भेटी आईवडिलांना सांगून आणि चारचौघांच्या नजरेसमोरच. आणि गटात उसनवारी नको. मदत लागली तर ती मंडळीच्या निधीतून, पाळकांमार्फत.

वर्ष संपलं की गट थांबवा, मैत्री चालू राहू द्या. दोघा नव्यांपैकी जो तयार असेल, त्याने पुढच्या वर्षी कुणाचा तरी सोबती व्हावं. पहिले तीन महिने जुन्या सोबत्याने त्याच्याशी महिन्यातून एकदा बोलावं. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्रात (२ तीमथ्य २:२) सांगितलेली साखळी अशीच आहे: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं, आणि त्यांनी शिकवलेले इतर.

पाळकांनो, या वर्षी बाप्तिस्मा घेतलेल्यांची यादी रजिस्टरमध्ये आहेच. येत्या रविवारपूर्वी प्रत्येक नावापुढे एका सोबत्याचं नाव लिहा, आणि जिथे रकाना रिकामा राहील तिथे आधी स्वतः फोन करा.