कॅन्सरचं बिल आणि अर्धी व्हायल

मंडळी, विषय औषधांच्या किमतींचा आहे, पण सुरुवात मी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेपासून करतो. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणारे किती तरी पेशंट वर्षानुवर्षं तिथे उतरत आलेत. समजा, जालना जिल्ह्यातल्या एका बाईला स्तनाच्या कॅन्सरसाठी 25 वेळा रेडिएशन घ्यायचंय. शनिवार-रविवार मशीन बंद, म्हणजे पाच आठवडे मुंबईत मुक्काम. सोबत नवरा किंवा भाऊ, त्याची मजुरी बंद. गावाकडे मुलं शेजाऱ्यांच्या भरवशावर. यातली एकही रक्कम हॉस्पिटलच्या बिलात दिसत नाही.

पुढे हेच रेडिएशन 15 वेळांवर आलं. मग ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल 2020 मध्ये आले: सुरुवातीच्या टप्प्यातल्या आजारात ऑपरेशननंतर एका आठवड्यात 5 वेळा दिलेलं रेडिएशन तीन आठवड्यांच्या उपचारापेक्षा कमी पडलं नाही. सगळ्यांनाच ते लागू नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण ज्यांना लागू आहे त्यांचा मुक्काम कुठल्या कुठे आला बघा. त्यासाठी नवं औषध लागलं नाही. पेपरात या गोष्टीला कोपराही मिळत नाही. मथळे सगळे नव्या औषधांचे.

आता त्या मथळ्यांकडे येऊ. नेक्सकार19 तुम्ही ऐकलं असेल. पेशंटच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्या बदलून परत सोडायच्या, असा हा रक्ताच्या काही कॅन्सरवरचा उपचार. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तो उभा राहिला, ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला मान्यता मिळाली. अमेरिकेत असल्या उपचाराला तीन-चार कोटी लागतात, इथे साधारण 30 ते 40 लाख. आपण पेढे वाटले, वाटायलाच हवे होते. पण राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं कवच कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं. उरलेले कुठून आणायचे? शेत विकून?

दुसरं उदाहरण ओसिमर्टिनिबचं. फुप्फुसाच्या एका विशिष्ट प्रकारच्या कॅन्सरवरची ही गोळी. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात तिच्यावरचं सीमाशुल्क माफ झालं, चांगलं झालं. पण आधी ही गोळी आजार पसरलेल्यांना दिली जायची. आता ऑपरेशन होऊन गाठ निघालेल्या पेशंटलाही ती 3 वर्षं द्यायची पद्धत आली. त्याने फायदा होतो, हे सिद्ध झालंय. म्हणजे पट्टीमागे थोडे पैसे वाचले, पण पट्ट्या किती वाढल्या! कर कमी झाल्याची बातमी वाचून हुरळून जाणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा मांडून बघावा.

तर खर्च खाली आणणारं नेमकं काय आहे? माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न हा, की औषध मुळात लागतं किती? टाटाच्या डॉक्टरांनी तो विचारला. डोक्या-मानेचे कॅन्सर, म्हणजे आपल्याकडे बरेचसे तंबाखू-गुटख्याचे तोंडाचे कॅन्सर. बरे होण्यापलीकडे गेलेल्या 151 पेशंटवर चाचणी झाली. निम्म्यांना तोंडाने घ्यायची कमी मात्रेची केमो, निम्म्यांना तीच केमो आणि वर निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं इंजेक्शन, तीन आठवड्यांतून फक्त 20 मिलिग्रॅम. नेहमीचा डोस दोन आठवड्यांना 240 मिलिग्रॅम. वर्षभराने पहिल्या गटात 16.3 टक्के लोक हयात होते, दुसऱ्यात 43.4 टक्के. हे 2023 मध्ये प्रसिद्ध झालं.

आता फार्मसीत काय होतं ते बघा. लहान व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची बाटली, 40 मिलिग्रॅमची, पेशंटला हवं 20. एकट्यासाठी फोडली तर अर्धं औषध वाया. म्हणून अशा दोन पेशंटना एकाच दिवशी, एकाच वेळेला बोलवायचं आणि एक व्हायल दोघांत वाटायची. एक जण एस.टी. चुकल्यामुळे आला नाही, तर दुसऱ्याचं गणित बिघडतं. कोट्यवधींच्या संशोधनाचं फळ असं अपॉइंटमेंटच्या वहीवर अवलंबून राहतं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्या चाचणीत कमी डोसची तुलना पूर्ण डोसशी नव्हती, काहीच इम्युनोथेरपी न मिळणाऱ्यांशी होती. पूर्ण डोस परवडणारा पेशंट विचारतो, ‘मी कमी घेऊ का?’ त्याला याच आकड्यांवरून हो म्हणता येत नाही.

प्रोस्टेटच्या कॅन्सरवरच्या अ‍ॅबिराटेरोनचंही असंच. उपाशीपोटी 1000 मिलिग्रॅम घ्यायची पद्धत. हलक्या नाश्त्याबरोबर 250 घेतलं तर पीएसए, म्हणजे या आजाराचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, तेवढाच उतरतो, असं 2018 च्या एका छोट्या चाचणीत दिसलं. घरी जाऊन बाबांच्या गोळ्या कमी करू नका, डॉक्टरांना विचारा!

खरेदीबद्दल थोडक्यात. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यातल्या काही रुग्णालयांनी 40 औषधांसाठी मिळून भाव केला आणि 1300 कोटींहून जास्त वाचवले. छापील किंमत आणि खरी किंमत यांत एवढी दरी असते. ती भरतो कोण? बाहेरच्या दुकानातून एमआरपीने औषध आणणारा नातेवाईक.

निवोलुमॅबच्या भारतातल्या पेटंटची मुदत मे 2026 पर्यंतची. पेटंट संपलं की इथल्या कंपन्यांची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच औषधं, येतात आणि पूर्ण डोसची किंमतही उतरते. पण 20 आणि 240 मध्ये खरा फरक किती, हे तपासायला कुठली कंपनी पैसे घालणार? कमी औषध खपवण्यात तिचा फायदा काय? म्हणून माझं मागणं साधं आहे. फुले योजनेत कॅन्सरच्या औषधांवर जेवढा खर्च होतो, त्यातला रुपयामागे एक पैसा अशा चाचण्यांसाठी बाजूला काढा. इथे बसलेल्या आमदारसाहेबांनी तेवढं विधानसभेत मांडावं. आता प्रश्न घेऊ या.