टेलिफोनवाल्याची पत्रं

श्रोतेहो, नमस्कार. अलेक्झांडर ग्रॅहम बेल म्हटलं की टेलिफोन आठवतो. पण हाच माणूस जन्मभर पत्रं लिहीत राहिला. बेल कुटुंबाचे सुमारे १,४५,००० कागद आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेत.

त्यातली सगळ्यात जिव्हाळ्याची पत्रं मेबलला लिहिलेली. मेबल हबर्ड, त्याची बायको. पाच वर्षांची असताना स्कार्लेट फीवरनं तिचं ऐकणं गेलं. म्हणजे टेलिफोन शोधणाऱ्याला बायकोशी टेलिफोनवर बोलता येत नव्हतं! गाव सोडलं की पत्रच.

१८७६ चा जून. लग्न अजून व्हायचं होतं, मेबल अठराची. फिलाडेल्फियात भव्य प्रदर्शन भरलेलं, पण बेल बोस्टन सोडायला तयार नाही. विद्यार्थ्यांच्या परीक्षा होत्या ना! मेबलनं गुपचूप तिकीट काढलं, बॅग भरली आणि त्याला थेट स्टेशनवर नेलं. तो लागला हुज्जत घालायला. आता मेबल ओठ बघून बोलणं ओळखायची. तिनं तोंडच फिरवलं! ओठ दिसेनात, म्हणजे शब्दच पोचेनात. भांडणार कुणाशी? बसला गाडीत. २५ जूनला ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रो यांनी टेलिफोन कानाला लावला, परीक्षक थक्क झाले, आणि बेलचं नाव झालं. शाळेच्या पुस्तकांत बेलच्या शेजारी मेबलचं नाव छापायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. शोध लावणाऱ्याला घराबाहेर काढणारं माणूसही इतिहासात हवं.

असो. हे कागद टिकतात कसे? त्या काळी लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यातल्या आम्लानं तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो. म्हणून पत्र उलगडून सपाट ठेवतात, गंजक्या टाचण्या काढतात, आम्लरहित फोल्डर वापरतात. चिकटपट्टी मात्र कधीच नाही. पुन्हा सांगते, चिकटपट्टी नाही! तिचा गोंद कागदात मुरतो आणि डाग जन्माचा राहतो.

बरीच पत्रं आता इंटरनेटवर बघता येतात. टंकलेला मजकूर सोबत असला तरी आधी हस्ताक्षर बघा, खाडाखोड बघा. आणि १० मार्च १८७६ चं, वडिलांना लिहिलेलं पत्र चुकवू नका. पाणी नि गॅससारख्या तारा घराघरांत येतील, मित्र घरबसल्या बोलतील, असं त्यात आहे. यंत्रातून पहिलं वाक्य बेलचा मदतनीस वॉटसन याला ऐकू गेलं, त्याच दिवशी लिहिलंय ते.