खिशातली दवंडी

(दृश्य : पूस नदीचा काठ, ढगाळ सकाळ. शाळेच्या पटांगणात साचलेलं पाणी.)

२० जुलै २०२३, गुरुवार. यवतमाळ जिल्ह्यातलं, पूस नदीच्या काठावरचं हे गाव. ज्या घरी टीव्ही, त्या घरी सकाळपासून एकच बातमी. आदल्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. झोपलेली माणसं ढिगाऱ्याखाली गेली होती. इकडेही आभाळ भरलेलंच होतं. बाया हातातलं काम सोडून टीव्हीपुढे उभ्या होत्या.

साडेदहाच्या सुमारास गावातले फोन ओरडायला लागले.

ती रिंग नव्हती आणि मेसेजचा आवाजही नव्हता. थांबून थांबून वाजणारा कर्कश भोंगा, सोबत फोनची थरथर. पानठेल्यावर, दवाखान्याच्या रांगेत, पुसदला निघालेल्या एसटीत, सगळीकडे एकदम. पडद्यावर मोठी चौकट आणि तिच्यात इंग्रजी मजकूर. थोड्या वेळाने काही फोनवर तोच मजकूर मराठीत.

पुढे आम्ही इथे शूटिंगला आलो तेव्हा त्या एसटीतली एक आजी आम्हाला म्हणाली, "मले वाटलं, फोन फुटते आता. खिडकीतून फेकूनच देत होती मी." शेजारच्या पोराने तो तिच्या हातातून घेतला, तर पोराच्या खिशातला वाजायला लागला.

आवाज बंद करायचा तर चौकटीतलं 'ओके' दाबायचं होतं. गाव अडलं ते तिथे.

"दाबू नको बे! ओके दाबलं त खात्यातले पैसे जातीन."

हे वाक्य आम्ही या गावात किती जणांकडून ऐकलं! कुणी बॅटरी काढली, कुणी सिम काढलं. एका घरी वाजता फोन दुपट्यात गुंडाळून ज्वारीच्या कोठीत टाकला आणि संध्याकाळपर्यंत कुणी कोठीला हात लावला नाही.

या भीतीला अडाणीपणा म्हणायला आम्ही तयार नाही. गेली कित्येक वर्षं बँक सांगते, ओटीपी देऊ नका. पोलीस सांगतात, अनोळखी लिंक उघडू नका. पीएम किसानचे दोन हजार, पीककर्जाचा हप्ता, कापसाचे पैसे, सगळं त्याच खात्यात येतं आणि खात्याला नंबर जोडलाय तो याच फोनचा. न ओळखीचं काही पडद्यावर आलं तर हात मागे घ्यायचा, हे ज्या माणसाला शिकवलं त्याने त्या सकाळी हात मागे घेतला. तो बरोबर वागला. ही चौकट वेगळी आहे, एवढंच त्याला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

चौकटीत लिहिलेलं साधं होतं. दूरसंचार विभागाने पाठवलेला हा चाचणी संदेश आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण देशभर आपत्कालीन इशाऱ्याची यंत्रणा उभारत आहे, तिची ही चाचणी. तुम्हाला काही करायचं नाही, या संदेशाकडे दुर्लक्ष करा.

दुर्लक्ष करा. या भोंग्याने गावाला शिकवलेली पहिली गोष्ट ही.

(दृश्य : ग्रामपंचायतीची भिंत. खिळ्याला टांगलेलं डफडं. खाली बसलेले कोतवाल.)

ही यंत्रणा कशी चालते, ते आम्हाला या डफड्याकडे पाहून नीट कळलं.

साधा एसएमएस पोस्टाच्या पत्रासारखा. प्रत्येक नंबरला वेगळा जातो. लाखो पाठवायचे झाले तर वाटेत खोळंबतो, आणि पोचला तरी जाहिरातींच्या ढिगात गप्प पडून राहतो. हा भोंगा म्हणजे दवंडी. त्याचं नाव सेल ब्रॉडकास्ट. टॉवर एकदाच हाक देतो आणि त्याच्या टप्प्यात ही सोय असलेला जो फोन चालू असेल त्याला ती ऐकू जाते. नंबर कुणाचा, माणूस गावचा की पाव्हणा, हे टॉवर विचारत नाही. इंटरनेट लागत नाही. फोन सायलेंट असला तरी मोठ्या धोक्याचा इशारा वाजतोच. यातून कुणाचा नंबर किंवा खात्याची माहिती परत जात नाही. दवंडी पिटणारा तुमच्या घरात शिरत नाही, तसंच. 'ओके' दाबलं की फक्त आवाज थांबतो.

हे शेवटचं वाक्य त्या सकाळी शाळेतल्या गुरुजींनी, आशाताईंनी किंवा मंदिराच्या स्पीकरवरून कुणी सांगितलं असतं, तर कोठीतला फोन कोठीत गेला नसता.

यंत्रणा आपल्याच देशात घडली आहे, सी-डॉट या सरकारी संस्थेने घडवली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा चाचण्या झाल्या. तोवर गावाची दचक कमी झाली होती. पण दचक गेली म्हणजे समज आली असं नाही, आणि आम्हाला जास्त काळजी त्याचीच वाटली.

कारण मधल्या काळात एक गोष्ट घडून गेली होती. पहिल्या चाचणीनंतर दोनच दिवसांनी, २२ जुलैला, यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढा दिला. चाळीसहून जास्त माणसं अडकली आणि त्यांच्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. या गावातही नदी पुलावरून गेली. रात्रभर लोक जागे होते आणि ओसरीवर बोलणं चाललं होतं. त्यातला एक प्रश्न आम्हाला इथल्या एका शेतकऱ्याने जसाच्या तसा सांगितला : "परवा म्हणे, वाजलं तरी काही करू नका. आता वाजलं त काय करायचं?"

त्याला उत्तर द्यायला ओसरीवर कुणी नव्हतं.

(दृश्य : बाजाराचा दिवस. मोबाईल दुरुस्तीची टपरी.)

टपरीवरचा पोरगा विशीतला आहे. चाचणीच्या त्या आठवड्यात त्याच्याकडे माणसं यायची, 'हे बंद करून दे' म्हणायची. सेटिंगमध्ये आपत्कालीन इशाऱ्याचं बटण असतं, ते तो बंद करून द्यायचा. पैसे घेत नव्हता. लोकांचा त्रास वाचवतोय असंच त्याला वाटायचं. पुराच्या नंतर त्याने स्वतःच लोकांना बोलावून बटणं पुन्हा चालू करायला सुरुवात केली. कोणाकोणाची बंद केली होती ते सगळं आठवत नाही, आणि ते त्याला खुपतं. आमच्याशी बोलताना तो दोनदा थांबला.

विदर्भातल्या शेतकऱ्याला पुराइतकीच भीती विजेची. पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात माणसं वावरात असतात, ढग आले की निंबाखाली धावतात, आणि वीज झाडावरच पडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचं अ‍ॅप केलं आहे, ते आपल्या भोवतीच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टप्प्यातली वीज दाखवतं. उपयोगी आहे, पण त्यासाठी फोन हातात हवा, आणि निंदणाला गेलेल्या बाईचा फोन बहुतेकदा घरी असतो, नाहीतर नवऱ्याच्या खिशात. खिशातली दवंडी ऐकायला आधी स्वतःचा खिसा हवा.

शिवाय विजांचे, पावसाचे जे एसएमएस येतात ते जिल्ह्याच्या नावाने येतात. यवतमाळ जिल्ह्याचे सोळा तालुके. उमरखेडला पाऊस कोसळतो तेव्हा वणीला ऊन असू शकतं. चार वेळा इशारा आला आणि आभाळ कोरडं राहिलं, की पाचव्या वेळी माणूस वर बघत नाही. सेल ब्रॉडकास्टने हे बदलू शकतं. ठराविक टॉवरांपुरतीच हाक देता येते, नदीकाठच्या पाच गावांनाच जागं करता येतं. मग गावाचा विश्वास बसेल.

आणि जिथे टॉवरच गप्प होतो तिथे? गडचिरोलीच्या भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की गाव तुटतं, हे तिथे दर पावसाळ्याचं आहे. आसपासच्या पाड्यांत घरातली भाषा माडिया. मराठीतला इशारा तिथल्या म्हाताऱ्या माणसाला कोण समजावणार?

(दृश्य : पुन्हा ग्रामपंचायत. संध्याकाळ.)

शेवटच्या दिवशी आम्ही कोतवालांना विनंती केली, कॅमेऱ्यासाठी एकदा दवंडी पिटा. ते उठले, डफडं खाली घेतलं, आणि तसंच मांडीवर ठेवून बसले.

"उगीमुगी नाही वाजवत म्या. लोक धावत येतीन. काय सांगू त्यायले?"

आम्ही गप्प झालो. त्यांनीच थोड्या वेळाने वाट काढली. रात्री मंदिरातल्या स्पीकरवरून त्यांनी सांगितलं : उद्या सकाळी आठ वाजता डफडं वाजीन. शूटिंगचं हाये. घाबरू नका, पण आवाज ध्यानात ठेवा. बरसातीत पाणी चढलं त असंच वाजीन, तवा शाळेच्या टेकडीवर यायचं. लेकरं आधी, मंग म्हातारे, मंग ढोरं.

सकाळी आठला ते निघाले. पोरं मागे धावली. नदीकडच्या शेवटच्या घरी एक म्हातारी दारात आली, डोळ्यांवर हात धरून तिने विचारलं, "शूटिंगचंच हाये न रे हे?"

"हाव माय, शूटिंगचंच."

"अन् खरं वाजलं त टेकडीवर?"

"टेकडीवर."

ती तशीच उंबऱ्यात उभी राहून शाळेच्या दिशेने बघत होती. आमचा कॅमेरा पुढच्या गल्लीत वळला तेव्हाही ती तिथेच होती.