दलाल स्ट्रीटवरून पुण्याच्या नळापर्यंत

(दृश्य: पुण्यातली सकाळ, सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी)

भांडवल बाजार म्हटलं की सेन्सेक्सचा आकडा आठवतो. पण शेअर या हातातून त्या हातात गेला, तर कंपनीच्या तिजोरीत एक रुपयाही पडत नाही. नवा पैसा उभा राहतो तो पहिल्या विक्रीत.

जून 2017. पुणे महापालिकेने चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे विकले, म्हणजे ठरलेल्या मुदतीत व्याजासह फेडायचं वचन देऊन गुंतवणूकदारांकडून पैसे घेतले. मुदत 10 वर्षं, व्याज 7.59 टक्के. केंद्र सरकारचे तेवढ्याच मुदतीचे रोखे तेव्हा साडेसहा टक्क्यांच्या आसपास होते. वरचा टक्का ही केंद्रापेक्षा महापालिकेवर विश्वास थोडा कमी असल्याची किंमत.

बँकेचं कर्ज का नाही? जलवाहिनी कित्येक दशकं जमिनीत राहते. बँकेतले ठेवीदार दोन-तीन वर्षांत पैसे परत मागायला येतात. विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह निधी यांचं उलट आहे. त्यांची देणी पंधरा-वीस वर्षांनंतरची, म्हणून त्यांना लांब मुदतीचाच रोखा लागतो.

(दृश्य: मिळकतकर भरणा केंद्राची खिडकी, हातात पावती)

विक्रीआधीची खरी मेहनत हिशेबाची. आधी लेखापरीक्षण झालेले ताळेबंद, मग पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेला मिळणारा दर्जा. पुण्याला ‘एए प्लस’ मिळालं, सर्वोच्च ‘एएए’च्या एकच पायरी खाली. त्यानंतर एस्क्रो खातं, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच राखलेलं खातं. तुम्ही भरलेला मिळकतकर आधी या खात्यात जातो, रोखेधारकांचा वाटा बाजूला निघतो, आणि मगच उरलेली रक्कम महापालिकेच्या हाती येते. व्याज वर्षाला 15 कोटी 18 लाख. आयुक्त बदलोत, सत्ता बदलो, हा क्रम बदलत नाही. गुंतवणूकदार पैसे देतो ते या खात्याकडे बघून.

घोळ झाला तो पुढे. पैसे आले आणि कामाच्या निविदाच रद्द झाल्या. रक्कम मुदतठेवीत गेली, आणि ठेवीचं व्याज रोख्याच्या व्याजापेक्षा कमी. फरक एक टक्क्याचा धरला तरी वर्षाला दोन कोटी, तेही पाइपचा एक तुकडा न टाकता! निविदा उघडून, कामाचा आदेश देऊन मग बाजारात उतरलं असतं तर हे टळलं असतं.

(दृश्य: रस्त्याकडेला रचलेले पाइप)

रोख्यांचा एकूण आराखडा मात्र 2,264 कोटींचा होता. ते एकदम न काढता पहिल्या खेपेला 200 कोटीच उचलले, हे त्यातल्या त्यात शहाणपण. नाहीतर याच एका टक्क्याच्या हिशेबाने वर्षाला साडेबावीस कोटी गेले असते.