तीन गाळे आणि एक कोरा बरगा

(कोल्हापुरात चित्रकथा आणि ॲनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

विषय मला असा दिलाय : सायबरपंक जगासाठी, म्हणजे तंत्रज्ञान पुढं गेलंय पण सत्ता कंपन्यांच्या हातात आहे अशा विज्ञानकथेतल्या जगासाठी, एक बहुउपयोगी, हवं तसं बदलता येणारं गॅझेट कसं घडवायचं. हवेत बोलण्यापेक्षा मी सध्या ज्या चित्रकथेवर काम करतोय, तिच्यातल्या यंत्राबद्दलच बोलतो. कथा कोल्हापुरात घडते, २०८० च्या आसपास. नदीची आणि नेटवर्कची मालकी एकाच कंपनीकडे गेली आहे. पूर दरवर्षी येतो आणि तेवढे दिवस खालच्या पेठांमधले लोक वरच्या मजल्यावर राहतात. या लोकांच्या कमरेला एक यंत्र असतं.

आधी एक तक्रार करून घेतो. विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ बघायला येतात माझ्याकडे. दर दुसऱ्या पोर्टफोलिओत मनगटावर बसणारं एक काहीतरी असतं. त्यातून होलोग्राम निघतो, त्यातूनच ड्रोन उडतो, तेच कुलूप उघडतं, तेच जखम शिवतं. चित्र देखणं असतं, त्याबद्दल वाद नाही. पण कथेच्या दृष्टीने ते यंत्र निकामी. नायक अडकला की बटण दाबणार आणि सुटणार. मग वाचकाने कशाची काळजी करायची? सगळं करणारं यंत्र काढायला एक दुपार पुरते. काय करता येणार नाही हे ठरवायला महिने जातात, आणि डिझाइनचं खरं काम तेवढंच असतं.

दुसरं म्हणजे ते नियॉन, तो पाऊस आणि त्या जपानी पाट्या. हा साहित्यप्रकार १९८० च्या दशकात अमेरिकेत वाढला, तेव्हा तिथल्या लोकांना जपानी इलेक्ट्रॉनिक्स आपल्याला गिळणार अशी धास्ती होती. पाट्या आल्या त्या धास्तीतून. आपली धास्ती वेगळी आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ साली शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता, तेव्हा घराघरांत काय चाललं होतं ते आठवा. फोन कुठं चार्ज करायचा, कुणाला कळवायचं, पाणी किती फुटांवर आलं. माझं यंत्र त्या प्रश्नांतून निघालंय.

आता त्याची रचना. ती मी नदीवरूनच उचलली. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, कित्येकांनी त्यावरून गाडीही घातली असेल. नदीत कायमचे उभे असतात ते नुसते खांब. खांबांना खाचा. पावसाळा सरला की खाचांतून बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, सोडायचे आणि पाणी अडवायचं, पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर ते काढून घ्यायचे, म्हणजे पूर मोकळा जातो. अख्ख्या महाराष्ट्रात ही रचना गेली आणि नाव आपल्या गावाचं राहिलं. हवं तसं बदलता येणारी वस्तू म्हणजे काय, याचं इतकं उघडं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही. कायमचा भाग कमीत कमी, बदलता भाग जास्तीत जास्त, आणि दोघांचा करार एका खाचेत. बरगा लाकडाचा असो की लोखंडाचा, खाचेला त्याचं देणंघेणं नाही. आणखी एक : हे बरगे चोरीला जातात. भंगारात घालतात लोक. ही बातमी वाचून मी खूश झालो होतो, कारण कथेतला पहिला गुन्हा मला आयता मिळाला.

तर माझ्या यंत्राच्या सांगाड्याला लोक म्हणतात खांब. त्यात तीन गाळे. गाळ्यात बसतो तो बरगा. रेडिओचा बरगा, कॅमेऱ्याचा, सोल्डरिंगचा, रक्त तपासायचा, काहीही. तीनच का? चार केले होते आधी, तर सगळी पात्रं एकसारखी दिसायला लागली. ज्याला जे हवं ते सगळं मावत होतं. तीन केल्याबरोबर भांडणं सुरू झाली. रात्री पुरातून निघायचंय : उजेड, रेडिओ आणि पाण्याची खोली मोजणारा बरगा, बास, भरले गाळे. मग कॅमेरा घरी राहिला आणि ज्याला पकडायचं होतं त्याचा फोटो मिळाला नाही. हे कथानक मी रचलेलं नाही, तिसऱ्या गाळ्याने रचलं.

एका खोक्यात दोन-तीन कामं घालणं नवीन नाही. ल्युमिएर बंधूंचं १८९५ चं सिनेमातोग्राफ घ्या. तोच डबा चित्रण करायचा, त्यातच प्रिंट निघायची, आणि मागे दिवा ठेवला की तोच पडद्यावर दाखवायचा. हे जमलं कारण तिन्ही कामांना हालचाल एकच लागते : फिल्म क्षणभर थांबवायची, उजेड जाऊ द्यायचा, मग पुढं सरकवायची. काम वेगळं, यंत्रणा तीच. आणि या गावात हे सांगायला नको, पण चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी १९१८ साली इथंच आपला कॅमेरा स्वतः बनवला. त्यांच्यासोबत सुरुवात केलेले आनंदराव पेंटर त्याआधीच, १९१६ साली गेले होते. त्याच कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ हा मूकपट झाला, १९२० मध्ये. बाहेरून यंत्र मागवणं परवडत नाही म्हणून घरी बनवायचं, ही या गावाची जुनी खोड आहे आणि माझ्या कथेला तीच हवी होती.

उलट उदाहरणही सांगतो. गूगलने तुकड्यातुकड्यांचा फोन करायला घेतला होता, प्रोजेक्ट आरा. २०१३ मध्ये जाहीर झाला, २०१६ मध्ये गुंडाळला. सुरुवातीच्या आराखड्यात तुकडे चुंबकाने धरून ठेवायचे होते. गंमत अशी की प्रत्येक सांध्याला जागा लागते, वजन लागतं, वीज लागते. तुकडे जितके जास्त तितका फोन नुसत्या सांध्यांचाच व्हायला लागतो. म्हणून तुमच्या कागदावर पहिलं चित्र यंत्राचं नको, सांध्याचं हवं. मोठं काढा, पान भरून.

माझा सांधा कसा आहे ते सांगतो. खांब ॲल्युमिनियमचा, वाळूच्या साच्यात ओतलेला, उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत. २०८० मध्ये उद्यमनगर असणार का, असं मला विचारतात. मी म्हणतो, सगळं बुडालं तरी तिथं एक लेथ चालू असेल. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो नमुना, मुळातच किंचित मोठा करतात, हे इथल्या कुठल्याही पॅटर्नमेकरला विचारा. पण माझ्या जगात पॅटर्न जुने झालेत, माणसं घाईत आहेत. त्यामुळं एका शॉपचा बरगा दुसऱ्या शॉपच्या गाळ्यात सरळ जात नाही. मग पुढचं पान असं :

“आक्का, ह्यो बसंना झालाय.”

“बसंल की. कानस आण ती बारकी.”

आक्का बरगा उजेडाकडे धरते, कडेला जिथं घासून चकाकी आलीय तेवढ्याच जागी दोन हात मारते, फुंकते, अंगठ्याने रेटते. खट्ट. आता तो बरगा त्या पोराच्याच खांबात बसतो, दुसऱ्या कुणाच्या बसायचा नाही. हवं तसं बदलता येणं म्हणतात ते मला मेनूतून रंग निवडण्यात दिसत नाही, या कानशीत दिसतं.

गाळ्याच्या तळाशी संपर्काच्या टिकल्या आहेत. कशाच्या? इथं जवळचं चांदीकामाचं गाव हुपरी कामाला आलं. चांदीइतकी वीज दुसऱ्या कुठल्याच धातूतून वाहत नाही, आणि चांदीचं काम करणारे हात तासाभराच्या आत सापडतात. म्हणून गावात बनलेल्या बरग्यांना चांदीचा मुलामा, कंपनीच्या बरग्यांना सोन्याचा. सोनं काळं पडत नाही. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. आता चित्रात एक सोय झाली : कुणाच्याही यंत्राचा गाळा उघडा दाखवला की त्या माणसाची परिस्थिती कळते, संवाद लागत नाही. काळ्या टिकल्या लोक खोडरबराने घासतात. कॉम्प्युटरची रॅम चालेना झाली की दुरुस्तीवाला आजही तेच करतो, पाहिलं असेल. माझ्या प्रत्येक पात्राच्या खिशात खोडरबराचा तुकडा आहे. एवढ्या भविष्यातल्या गोष्टीत वाचकांना सगळ्यात जास्त आवडली ती ही वस्तू.

विजेचं थोडक्यात, कारण यात जादू करायची नाही एवढंच म्हणायचंय. आजचे १८६५० नावाचे सेल असतात ना, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत सापडायचे ते. असे दोन बसवले की साधारण २१ वॉट-तास मिळतात. ६० वॉटचं छोटं ड्रिल चालवलं तर वीस मिनिटांत खेळ खलास. कमी वेगाचा रेडिओ मात्र त्याच सेलवर कित्येक दिवस नुसता ऐकत बसू शकतो. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशा कमी ताकदीच्या रेडिओला परवाना लागत नाही. आवाज किंवा चित्र त्यावरून जाणार नाही, पण “५१ फूट, जिना बुडाला” एवढा मजकूर एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उड्या मारत जाईल. भविष्यात बॅटऱ्या सुधारतील हे मान्य, तरी तुमच्या यंत्राचा सेल कधीतरी संपला पाहिजे आणि तो कधी संपणार हे तुम्हाला ठाऊक पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, कुलूप. हे नसेल तर जग सायबरपंक होत नाही, नुसतं विज्ञानप्रदर्शन होतं. कंपनीचा खांब नवा बरगा बसल्याबरोबर त्याला नंबर विचारतो. नंबर कंपनीच्या वहीत नसेल तर बरग्याला वीजच देत नाही. यात कल्पना फार थोडी आहे. प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये असली चिप असते. अमेरिकेत ट्रॅक्टरच्या सॉफ्टवेअरला कुलूप म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं भांडले, शेवटी २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेतीच्या यंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क कायद्याने दिला. मी फक्त ते कुलूप उसाच्या फडातून माणसाच्या कमरेला आणलं. शिवाय हप्त्याचा कोन जोडला. हप्ता चुकला की आधी उजेडाचा बरगा बंद पडत नाही, तसं केलं तर बोंब होईल. आधी पाण्याची पातळी अर्धा तास उशिरा दिसायला लागते. हे सुचलं त्या रात्री मला माझीच जरा भीती वाटली.

गावातल्या खांबाला कुलूप नाही, पण मग त्याला कंपनीचं नेटवर्कही नाही. कंपनीचा खांब हीच माणसाची ओळख : रेशन, दवाखाना, नावेचं तिकीट सगळं त्यावर. त्यामुळं बहुतेक लोक दोन खांब बाळगतात, एक दाखवायचा आणि एक वापरायचा.

कुणाच्या गाळ्यात काय, यावरून मी पात्रं लिहितो. वसुलीवाल्याच्या गाळ्यांत अंगठा घेणारा बरगा, कॅमेरा, आणि तिसऱ्यात रेडिओ दाबून टाकणारा, म्हणजे समोरच्याला कुणाला हाक मारता येऊ नये. बंधाऱ्यावरच्या म्हाताऱ्या मामांच्या तिसऱ्या गाळ्यात कोरा बरगा आहे. कोरा म्हणजे नुसता लाकडाचा ठोकळा, गाळ्यात चिखल जाऊ नये म्हणून. मामांनी तो आतून पोखरून त्यात तंबाखू-चुना ठेवलाय. संपादक म्हणाले, हा गाळा वाया गेला. मला वाटतं सगळ्या कथेत स्वतःच्या यंत्राचा खरा मालक तो एकच आहे.

एक बरगा असाही आहे ज्याला वीज लागतच नाही. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे तुम्हाला माहीत आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की पाण्याच्याच जोराने उघडतात, उतरलं की मिटतात. बटण दाबायला माणूस नको. त्या तत्त्वावर मी छोटा तरंगता बरगा केला : पाणी एका रेषेला टेकलं की काटा सुटतो आणि घंटी वाजते. कंपनीला तो बंद पाडता येत नाही, कारण त्यात बंद पाडण्यासारखं काही नाही. कथेच्या शेवटाकडे सगळे पडदे काळे होतात तेव्हा काय वाजत असेल हे तुम्ही ओळखलंच असणार.

कुणीतरी मघाशी चिठ्ठी पाठवलीय : यात बंदुकीचा बरगा आहे का? नाही. बंदूक आली की बाकीच्या दोन गाळ्यांत काय आहे ते कुणी बघत नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही, पट्टा. हे यंत्र कमरेला कशाने बांधायचं? मला कोल्हापुरी चपलेचं चामडं हवंय, बाभळीच्या साली आणि हिरड्यात कमावलेलं, कारण ते हातात घेतलं की कुठलं आहे ते सांगावं लागत नाही. पण आठवडाभर पाण्यात राहिलं की ते फुगणार आणि वाळताना ताठ होणार, मग कडी सरकणार नाही. तेल पाजून किती दिवस टिकेल, शिवण दोऱ्याची ठेवायची की वादीची, हे चित्र काढून कळत नाही. सुभाषनगर, जवाहरनगरकडच्या कुणाच्या घरी हे काम होत असेल तर खाली उतरल्यावर मला भेटा. खांबाचा लाकडी नमुना पिशवीत आहे.